प्ले थेरपी: मुलाला नेण्यापूर्वी, नेताना आणि परत आणताना पालकांनी काय करावे

प्ले थेरपी तीन-चार आठवड्यांतच बंद करणाऱ्या पालकांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्याची असते: ‘तिथे तर तो नुसता खेळतो.’ ही तक्रार खोटी नाही. साधारण ३ ते १२ वर्षांच्या मुलाला मनात काय चालले आहे ते शब्दांत मांडता येतेच असे नाही, पण खेळात मात्र ते पुष्कळदा आपोआप मांडले जाते. थेरपिस्ट तो खेळ पाहतात, त्यातल्या भावनेला नाव देतात, मर्यादा सांभाळतात आणि तोच विषय मूल पुन्हा पुन्हा का खेळते आहे, यावर लक्ष ठेवतात. खोलीत काय करायचे हे त्यांना ठाऊक असते. गडबड होते ती बहुधा खोलीच्या बाहेर: अर्धवट तपासणी करून मुलाला आणण्यात, दारातच त्याच्या तक्रारी सांगण्यात आणि परतीच्या रिक्षात त्याची उलटतपासणी घेण्यात. म्हणून पुढील टप्पे शक्यतो याच क्रमाने पाळावेत.

टप्पा १: मुलाला हीच मदत हवी आहे का, ते आधी पाहावे

पहिली भेट थेरपिस्टची घेऊ नये, बालरोगतज्ज्ञांची घ्यावी. मूल बोलत नसेल तर सर्वांत आधी कानांची तपासणी व्हायला हवी. दोन वर्षे कोरडे झोपणारे मूल अचानक रात्री अंथरूण ओले करू लागले, तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता आणि मधुमेह नाही ना, हे आधी पाहावे लागते. मूल फळ्यावरचे उतरवत नाही म्हणून त्याला ‘लक्ष नाही’ असे म्हणण्यापूर्वी डोळे तपासावेत. यांतले काही निघाले तर उपचार त्याचा करायचा असतो, आणि खेळण्यात घालवलेले चार महिने परत मिळत नाहीत.

ऑटिझम, अतिचंचलता किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना प्ले थेरपीचा उपयोग होऊ शकतो, मात्र ती स्पीच थेरपीच्या, ऑक्युपेशनल थेरपीच्या किंवा विशेष शिक्षणाच्या जागी वापरायची नसते. तिचा खरा उपयोग होतो तो घरातला मृत्यू, आईवडिलांचे विभक्त होणे, अपघात, रुग्णालयातले लांबलेले वास्तव्य, अकारण वाटणारी भीती, घरी भडाभडा बोलणाऱ्या मुलाचे शाळेतले संपूर्ण मौन, आणि आवरता न येणारा राग अशा ठिकाणी.

खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडीत आणि सरकारी व अनुदानित शाळांत विनामूल्य होते. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. बोलीत सगळे त्याला ‘डीईआयसी’ म्हणतात.

*सावधान:* मूल स्वतःला इजा करत असेल, मरणाविषयी बोलत असेल किंवा खाणेपिणे सोडून बसले असेल, तर प्ले थेरपीच्या तारखेची वाट पाहू नये. थेट बालमानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा रुग्णालयात न्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर मुलाला खोदून खोदून प्रश्न विचारू नयेत. ते जे बोलले ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवावे आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर संपर्क साधावा.

टप्पा २: थेरपिस्टची निवड

‘प्ले थेरपिस्ट’ अशी पाटी कोण लावतो यावर आपल्याकडे फारसे नियंत्रण नाही. भारतीय पुनर्वास परिषदेकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी होते, पण प्ले थेरपिस्ट या नावाची वेगळी नोंदणी होत नाही. त्यामुळे पाटीवर न जाता प्रश्न विचारावे लागतात. मूळ शिक्षण कशाचे झाले? प्ले थेरपीचे प्रशिक्षण किती काळाचे होते, आणि त्यात प्रत्यक्ष मुलांबरोबर देखरेखीखाली काम केले का? की दोन दिवसांची कार्यशाळा झाली? सध्या अडलेल्या केसविषयी त्या कोणाशी सल्लामसलत करतात? पालकांची वेगळी भेट किती सत्रांनंतर होते? सत्र चुकल्यास शुल्क कसे? हे प्रश्न विचारणे उद्धटपणाचे नाही, आणि चांगल्या थेरपिस्टला त्यांचा रागही येत नाही.

भाषेचा प्रश्न पालक सहसा विचारतच नाहीत. मूल इंग्रजी माध्यमात असले तरी ते रागावते, घाबरते आणि बाहुलीशी बोलते ते घरच्या भाषेत. घरी मराठी असेल तर थेरपिस्टला मराठी सहज यायला हवी, आणि मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरातील मुलाचे शब्द त्यांना निदान समजायला हवेत.

*तपासून पाहावे:* पालकांची भेट न घेताच सत्र सुरू करणारे, ‘दहा सेशनमध्ये पूर्ण बरा करतो’ अशी हमी देणारे, संपूर्ण पॅकेजचे पैसे आधी मागणारे, आणि मुलांचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकणारे केंद्र असेल तर दुसरीकडे चौकशी करावी.

टप्पा ३: दोन आठवड्यांची नोंदवही आणि पालकांची पहिली भेट

थेरपिस्टच्या पहिल्या भेटीला मुलाला नेऊ नये. आई आणि बाबा दोघांनी जावे. मुलाचा बराचसा दिवस आजीआजोबांकडे जात असेल तर त्यांनाही विचारून घ्यावे. जाण्यापूर्वी दोन आठवडे एक साधी वही ठेवावी आणि तिच्यात मते न लिहिता घटना लिहाव्यात. ‘फार हट्टी झालाय’ या वाक्याचा कोणालाच उपयोग होत नाही. ही नोंद पाहावी:

‘मंगळवार, संध्याकाळी सव्वासात. बाबांचा फोन आला, उशीर होईल म्हणाले. पाच मिनिटांत ताट ढकलले. आजी ओरडल्या. वीस मिनिटे पलंगाखाली. नंतर स्वतः बाहेर आला, दूध मागितले.’

घटनेच्या आधी काय झाले, मुलाने काय केले, मोठ्यांनी काय केले आणि ते किती वेळ चालले, या चार गोष्टी तिच्यात आहेत. अशा आठ-दहा नोंदी असल्या की जी गोष्ट पालकांना दोन वर्षे दिसलेली नसते ती पुष्कळदा पहिल्याच भेटीत दिसू लागते.

या भेटीत घरातले काही लपवू नये. ज्या गोष्टी ‘त्याला माहीत नाहीत’ असे मोठे समजतात, त्यांचाच खेळ मूल पुष्कळदा पहिल्या महिन्यात मांडते. विशेषतः, गेलेल्या माणसाविषयी ‘देवाघरी गेले’, ‘गावाला गेले’ असे सांगितले असेल तर नेमके कोणते शब्द वापरले तेच थेरपिस्टला सांगावेत. गावाला गेलेला माणूस परत येतो, हे मुलाला ठाऊक असते, आणि ते त्या हिशेबाने वाट पाहत असते.

गोपनीयतेची मर्यादाही याच भेटीत समजून घ्यावी. मुलाच्या खेळातील बारीकसारीक तपशील पालकांना सांगितले जात नाहीत; विषय आणि दिशा सांगितली जाते. मुलाच्या जिवाला धोका असेल तर मात्र पालकांना कळवलेच जाते, आणि लैंगिक अत्याचार कळल्यास २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक असते. हे पालकांच्या परवानगीवर अवलंबून नसते.

*सावधान:* घटस्फोटाचा किंवा मुलाच्या ताब्याचा खटला चालू असेल तर ते पहिल्या पाच मिनिटांत सांगावे. ‘मूल कोणाकडे राहायला हवे, ते लिहून द्या’ या अपेक्षेने सुरू केलेली थेरपी मुलाच्या कामाची उरत नाही.

टप्पा ४: मुलाला काय सांगावे

लहान मुलाला एक-दोन दिवस आधी सांगावे, आठवड्याभरापूर्वी नको आणि गाडीत बसल्यावरही नको. वाक्ये थोडी आणि खरी असावीत:

‘शनिवारी आपण एका ताईंकडे जाणार आहोत. त्यांच्या खोलीत खेळणी आहेत. आजोबा गेल्यापासून तुला रात्री भीती वाटते ना, तसं वाटणाऱ्या मुलांना त्या मदत करतात. तिथे काय खेळायचं ते तू ठरवायचं. मी बाहेर खुर्चीवरच बसलेली असेन.’

यात कारण आहे, जागा आहे आणि आई कुठे असेल तेही आहे. याउलट ‘इंजेक्शन नाही देणार’ हे वाक्य जिथे इंजेक्शनचा विचारही नव्हता तिथे तो आणून ठेवते. ‘ताईंना सगळं सांग हं’ म्हटले की मूल गप्प बसते. ‘तिथे गेलास की शहाणा होशील’ यातून ते बिघडलेले आहे एवढेच त्याला कळते. बागेत नेतो असे सांगून केंद्रात आणलेल्या मुलाची पहिली दोन-तीन सत्रे तो विश्वास परत मिळवण्यातच जातात.

टप्पा ५: सत्राच्या दिवशी

सत्र साधारण ३० ते ५० मिनिटांचे आणि आठवड्यातून एकदा असते. वार आणि वेळ ठरलेली ठेवावी. वाळू, रंग आणि माती अंगावर येणार, म्हणून मळले तरी चालतील असे कपडे घालावेत. नव्या फ्रॉकमधली मुलगी वाळूला हात लावत नाही, कारण घरून निघताना ‘मळवू नकोस’ असे सांगितलेले असते. निघण्यापूर्वी थोडे खाऊ घालावे, आणि दारात पोहोचल्यावर आधी शू करवून आणावी.

त्या आठवड्यात काही घडले असेल तर ते आदल्या दिवशी संदेशाने कळवावे. दारात, मुलाच्या डोक्यावरून, ‘मॅडम, काल याने परत बहिणीला चावलं’ असे सांगू नये. तसे केल्यास मूल आत जाते ते आरोपी म्हणून, आणि त्या दिवसाचा निम्मा वेळ ताई आईच्या बाजूच्या आहेत की आपल्या, हे पाहण्यात जातो.

सत्र संपेपर्यंत बाहेरच बसावे. भाजी घेऊन येतो म्हणून निघून गेल्यास, मधेच ‘आई आहे का?’ म्हणून दार उघडणाऱ्या मुलाला रिकामी खुर्ची दिसते.

टप्पा ६: परतीचा रस्ता

सर्वाधिक चुका याच टप्प्यात होतात, म्हणून एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सहा वर्षांचा एक मुलगा आजोबा वारल्यानंतर येऊ लागला होता. सलग चार आठवडे तो प्लास्टिकचा एक बैल वाळूत पुरत असे, वरून वाळू थापटत असे आणि निघताना उकरून बाहेर काढत असे. चौथ्या आठवड्यात त्याच्या आईने दाराच्या फटीतून हे पाहिले. रिक्षात बसताच तिने विचारले, ‘तो बैल का पुरतोस रे? आजोबांची आठवण येते का?’ प्रश्न मायेचाच होता. पुढच्या आठवड्यात मुलगा वाळूकडे फिरकला नाही. ठोकळे रचत बसला आणि दर थोड्या वेळाने दाराकडे पाहत राहिला. बैल पुन्हा बाहेर निघायला तीन आठवडे लागले.

म्हणून बाहेर आलेल्या मुलाला ‘आज काय केलंस?’, ‘ताई काय म्हणाल्या?’, ‘मजा आली का?’ यांपैकी काहीही विचारू नये. ‘आलास? चल, निघू या’ एवढे पुरते. ते आपणहून सांगू लागले तर ऐकावे, तिथे ‘मग?’ची सरबत्ती सुरू करू नये. चित्र आणले असेल तर ‘किती छान!’ म्हणण्याऐवजी ‘यात निळा रंग खूप वापरलास’ असे जे दिसते तेच बोलावे, कारण वाहवा झाली की पुढचे चित्र आईला आवडेल असे निघते. दोन तास तरी पाहुण्यांकडे जाणे, शिकवणी किंवा खरेदी ठेवू नये.

टप्पा ७: मधले आठवडे, जेव्हा सगळे बिघडल्यासारखे वाटते

सुरुवातीच्या काही सत्रांनंतर पुष्कळ मुले घरी अधिक चिडतात, रडतात किंवा वयापेक्षा लहान असल्यासारखी वागतात. दाबून ठेवलेले बाहेर येऊ लागले की असे होते, आणि ‘याने तर उलटंच झालं’ म्हणून थेरपी सोडली जाते ती नेमकी इथेच. सोडण्याऐवजी थेरपिस्टला कळवावे आणि नोंदवही चालू ठेवावी. वागणे रोज अधिकच तीव्र होत असेल, किंवा मूल खोलीत जायलाच घाबरत असेल, तर मात्र ती नेहमीची चढउतार समजू नये. ताबडतोब वेगळी भेट मागावी.

किती दिवस लागतील याचे एकच उत्तर नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, ९३ अभ्यास एकत्र तपासणाऱ्या एका आढाव्यात सर्वाधिक परिणाम ३५ ते ४० सत्रांच्या आसपास दिसला होता. काही मुलांना त्याहून पुष्कळ कमी सत्रे पुरतात. त्याच आढाव्यात, पालकांना शिकवून त्यांच्याकडूनच खेळ घेतला गेला तिथे परिणाम अधिक दिसला. पुढचा टप्पा त्यासाठीच आहे.

*तपासून पाहावे:* चार ते सहा सत्रांनंतर पालकांची भेट झाली का? सुरुवातीला ठरवलेल्या उद्दिष्टांवर बोलणे झाले का? ‘प्रगती आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. काय बदलले, ते विचारावे.

टप्पा ८: घरचा अर्धा तास

हा खेळ थेरपिस्टशी बोलूनच सुरू करावा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी, एक मूल आणि एक मोठे माणूस यांनी ३० मिनिटे खेळायचे असते. वेगळी खोली लागत नाही. वन रूम किचनमध्ये एक चटई अंथरावी. चटई म्हणजेच खोली. भावंडाला तेवढा वेळ दुसऱ्या कोणीतरी खाली घेऊन जावे, आणि मोबाइल आवाज बंद करून दुसरीकडे ठेवावा.

या वेळेसाठी खेळण्यांची वेगळी पेटी करावी. बुटांचे मोठे खोकेही चालते. तिच्यात भातुकलीची चार भांडी, घरातल्या माणसांच्या छोट्या बाहुल्या, पाळीव आणि जंगली प्राणी, एक बस किंवा रिक्षा, डॉक्टरचा संच, बँडेजची पट्टी, खेळण्यातला फोन, माती किंवा रंगीत क्ले, खडू आणि कागद, दोरीचा तुकडा आणि मऊ चेंडू असावा. बॅटरीवर आपोआप चालणारी खेळणी नकोत, कारण ती स्वतःच खेळतात. ही पेटी एरवी बंद राहिली पाहिजे.

आता क्रम. चटईवर बसल्यावर म्हणावे, ‘हा अर्धा तास आपल्या दोघांचा. तुला हवं तसं खेळ.’ त्यानंतर पुढाकार मुलाचा. पालकांनी प्रश्न विचारायचे नाहीत, शिकवायचे नाही, सुचवायचे नाही आणि वाहवाही करायची नाही. हे वाचायला सोपे आहे. प्रत्यक्षात पहिल्या पाच मिनिटांत तोंडातून ‘हा कोणता प्राणी? त्याचा रंग कोणता?’ निघतेच. त्याऐवजी जे दिसते आणि जे मुलाला वाटत असावे, तेवढेच बोलावे:

‘तू वाघाला पेटीत ठेवलंस.’
‘झाकण लागत नाहीये. वैताग आलाय तुला.’
‘बाहुलीने हाक मारली, पण कोणी आलंच नाही.’

मूल हत्तीला मांजर म्हणाले तर ती मांजर. बाहुलीतल्या बाबांनी बाळाला मारले, तर ‘आपले बाबा असं करतात का?’ असे म्हणून खेळ मोडू नये. पुढे काय होते ते पाहावे आणि थेरपिस्टला सांगावे.

मर्यादा मात्र लागतातच, आणि त्या तीन पायऱ्यांनी घालायच्या असतात: भावना ओळखणे, मर्यादा सांगणे, पर्याय देणे. ‘तुला माझा खूप राग आलाय. पण मी मारण्यासाठी नाही. ती उशी मारण्यासाठी आहे.’ आवाज चढवू नये. तरीही मुलाने मारलेच तर तीच वाक्ये आणखी एक-दोनदा म्हणावीत आणि मग सांगावे, ‘पुन्हा मारलंस तर आजचा खेळ इथेच थांबेल.’ सांगितले तर तसे करावे, आणि करवणार नसेल तर सांगू नये.

संपण्यापूर्वी पाच मिनिटे आणि पुन्हा एक मिनिट उरल्यावर सूचना द्यावी. वेळ झाली की पालकांनी उभे राहावे. पसारा पालकांनीच आवरावा. मुलाने मदत केली तर ठीक, पण तो त्याला लावलेला नियम नसावा.

*सावधान:* हा अर्धा तास बक्षीस किंवा शिक्षा म्हणून वापरू नये. ‘अभ्यास नाही केलास तर शनिवारचा खेळ बंद’ असे एकदा म्हटले की चटईची शाळा होते. ज्या आठवड्यात मुलाने सर्वांत जास्त त्रास दिला, त्या आठवड्यातही खेळ व्हायला हवा. पालकांचे स्वतःचे डोके फार तापलेले असेल तर तो त्याच दिवशी ओढूनताणून घेऊ नये. दुसऱ्या दिवशीची नेमकी वेळ सांगावी आणि ती पाळावी.

टप्पा ९: थांबवणे

शाळेतून तक्रार येणे बंद झाले, परीक्षा आली, बदली झाली, पैसे संपले. कारण काहीही असो, थेरपी फोन करून अचानक बंद करू नये. जे मूल कोणीतरी अचानक निघून गेल्यामुळे तिथे आले होते, त्याच्या आयुष्यातून आणखी एक माणूस तसाच निघून जातो. थांबायचे ठरले की आधी थेरपिस्टला सांगावे आणि निरोपासाठी किमान तीन-चार सत्रे राखून ठेवावीत. शेवटची तारीख मुलाला घरच्या कॅलेंडरवर खूण करून दाखवावी. निरोपाला मोठी भेटवस्तू किंवा केक नको. मुलाला स्वतःहून काही चित्र काढून द्यायचे असेल तर देऊ द्यावे.

या काळात जुने वागणे काही दिवस परत डोके वर काढते. अंथरूण पुन्हा एखाद्या रात्री ओले होते, किंवा पोट दुखू लागते. दुखण्याचे कारण शारीरिक नाही, एवढे पाहून घ्यावे आणि ठरलेली तारीख बदलू नये. दोन-तीन महिन्यांनी पालकांची एक भेट मात्र आधीच ठरवून ठेवावी. घरचा अर्धा तास चालूच राहतो. पेटीकडे मूल आपणहून पाठ फिरवील आणि ‘आज आपण पत्ते खेळू या’ म्हणेल, तेव्हा चटईवर पत्ते काढावेत.